स्वप्नानंतरची पंधरा वर्षे : चेतापेशी एकमेकींशी कशा बोलतात याच्या शोधाची गोष्ट (दीर्घ थ्रेड)

ऑस्ट्रियातील ग्राट्स शहर, मार्च १९३८. देशाची सत्ता नाझींच्या हाती गेली त्याच रात्री, पहाटे तीनच्या सुमारास, शस्त्रधारी तरुणांचे एक टोळके ६४ वर्षांच्या एका ज्यू प्राध्यापकाच्या शयनगृहात घुसले आणि त्यांना तुरुंगात घेऊन गेले. त्यांच्या दोन धाकट्या मुलांनाही अटक झाली. आपल्याला आता ठार मारले जाणार अशी प्राध्यापकांची खात्री झाली होती. कोठडीत त्यांना एकाच गोष्टीची रुखरुख लागून राहिली : प्रयोगशाळेतील शेवटचे निष्कर्ष अजून छापून झालेले नाहीत. त्यांनी विनवण्या करून पहारेकऱ्याकडून एक पोस्टकार्ड आणि लेखणी मिळवली, एका जर्मन विज्ञानपत्रिकेचा पत्ता घातला आणि त्या इवल्या जागेत आपले निष्कर्ष लिहून काढले. कार्ड रवाना झाले तेव्हा कुठे त्यांच्या जिवाला स्वस्थता लाभली.

हे प्राध्यापक म्हणजे ऑटो लोवी. अटकेच्या सव्वा वर्ष आधी, डिसेंबर १९३६ मध्ये, ब्रिटिश शास्त्रज्ञ हेन्री डेल यांच्यासह त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. मज्जातंतू आपला निरोप रसायनांच्या साहाय्याने पुढे पोहोचवतात, हा तो शोध.

लोवींचे नाव निघाले की त्यांच्या स्वप्नाची गोष्ट सांगितली जाते. ती सांगितली जायलाच हवी, आणि पुढे येईलही. पण स्वप्नाने हा वाद मिटवला नाही. तो मिटायला त्यानंतर पंधरा वर्षे लागली, आणि काही बाबतींत तीस. मधल्या काळात बेडूक, मांजरे, घोडे, एक वादग्रस्त कुत्रा आणि एक क्षुद्र जळू कामी आली. आणि तिचे तंत्र बर्लिनहून लंडनला पोहोचवणारा माणूस स्वतःच्या प्रयोगशाळेतून हाकलला गेला नसता, तर हा इतिहास कदाचित निराळा झाला असता.

आधी मूळ प्रश्न. १७९१ मध्ये बोलोन्याच्या लुइजी गॅल्वानी यांनी मृत बेडकाच्या पायांचे स्नायू विजेने आखडतात यावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हापासून 'मज्जातंतूंतून वीज वाहते' ही कल्पना युरोपात रुजली. १८५० मध्ये हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्याच मज्जातंतूतील निरोपाचा वेग मोजला. तो सेकंदाला तीस मीटरच्या आसपास भरला. विचाराचा वेग अमर्याद असतो असे मानणाऱ्यांना हा आकडा धक्कादायक वाटला, कारण याहून वेगाने तर ध्वनीसुद्धा जातो.

पण वीज तंतूच्या टोकापर्यंत आली, पुढे काय? क्लोद बेर्नार यांनी पॅरिसमध्ये १८५० च्या सुमारास केलेला एक प्रयोग येथे लक्षात ठेवण्याजोगा आहे. दक्षिण अमेरिकेतील आदिवासी बाणांना क्युरारी नावाचे विष लावत. बेर्नार यांनी बेडकाच्या एका पायाचा रक्तपुरवठा बांधून टाकला आणि उरलेल्या शरीरात क्युरारी सोडले. विष पोहोचलेल्या पायाचा मज्जातंतू कितीही डिवचला तरी स्नायू हलेना. मात्र त्याच स्नायूला थेट विजेचा झटका दिला की तो आखडे. म्हणजे स्नायू धड होता. सुरक्षित राखलेल्या पायातही हालचाल शाबूत होती. विषाने नेमका तंतू आणि स्नायू यांच्यामधला दुवा तोडला होता.

हा दुवा म्हणजे नक्की काय, हे त्या काळी कोणाला सांगता येत नव्हते. १८८८ पासून स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहाल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायला सुरुवात केली की चेतापेशी एकमेकींत विरघळून एकसंध जाळे करत नाहीत, प्रत्येकीला स्वतःची हद्द असते. १८९७ मध्ये चार्ल्स शेरिंग्टन यांनी त्या भेटीच्या जागेला 'सायनॅप्स' हे नाव दिले. तेथील फट मिलिमीटरचा सुमारे पन्नास हजारावा भाग भरते. ती प्रत्यक्ष दिसायला १९५० च्या दशकातील इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला. नाव आधी आले, दर्शन अर्ध्या शतकाने.

फट आहे, तर निरोप ती ओलांडतो कसा? ठिणगी उडी मारते, की पलीकडे एखादा रस सोडला जातो? याच प्रश्नावरून पुढे इंग्रजी शास्त्रज्ञांत 'ठिणगीवाले' आणि 'सूपवाले' असे दोन पक्ष पडले.

आता लंडन, फेब्रुवारी १९०३. युनिव्हर्सिटी कॉलेजच्या व्याख्यानगृहात विल्यम बेलिस सुमारे ६० विद्यार्थ्यांसमोर एका तपकिरी रंगाच्या कुत्र्यावर प्रात्यक्षिक करत होते. लाळग्रंथीचा मज्जातंतू विजेने उद्दीपित करून लाळेचा दाब दाखवायचा, असा बेत होता. अर्धा तास खटपट करूनही तो साधला नाही. मग तो कुत्रा एका तरुण संशोधक विद्यार्थ्याच्या हवाली करण्यात आला. त्याने स्वादुपिंड काढून घेतले आणि कुत्र्याला मारले. त्या विद्यार्थ्याचे नाव हेन्री डेल. होय, तेच, पुढचे नोबेल विजेते.

प्रेक्षकांत दोन स्वीडिश तरुणी बसल्या होत्या, लिझी लिंड आफ हागेबी आणि लीसा शार्टाऊ. जिवंत प्राण्यांच्या चिरफाडीला विरोध करण्यासाठी पुरावा गोळा करावा, म्हणून त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले होते. कुत्रा धडपडत होता, त्याला पुरेशी भूल दिलेली नव्हती, असे त्यांनी आपल्या वहीत नोंदवले. स्टीफन कोलरिज या वकिलांनी तो आरोप जाहीर सभेत केला. बेलिस यांनी बदनामीचा खटला भरला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो जिंकला. २,००० पौंडांची भरपाई मंजूर झाली. डेल यांचीही साक्ष झाली. प्रकरण तेथे थांबले नाही. १९०६ मध्ये बॅटरसी भागात त्या कुत्र्याचा पुतळा उभा राहिला, १९०७ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांनी त्यावरून रस्त्यावर दंगल केली आणि १९१० मध्ये तो पुतळा पोलिसांच्या पहाऱ्यात हलवण्यात आला. भूल पुरेशी होती की नव्हती, यावर न्यायालयाचा निर्णय बेलिस यांच्या बाजूने आहे. पण दोन्हीकडच्या नोंदी वाचणाऱ्याला तो प्रश्न पूर्णपणे मिटल्यासारखा वाटत नाही.

या प्रकरणात एक दुवा सहसा नजरेआड होतो. वर्षभरापूर्वी, जानेवारी १९०२ मध्ये, याच बेलिस यांनी अर्नेस्ट स्टार्लिंग यांच्याबरोबर कुत्र्यावरच एक वेगळा प्रयोग केला होता. आतड्याच्या एका तुकड्याकडे जाणारे सारे मज्जातंतू त्यांनी तोडले आणि त्या तुकड्यात आम्ल सोडले. तरीही दूरवरच्या स्वादुपिंडातून पाचकरस वाहू लागला. निरोप तंतूंवाचून, रक्तातून, एका रसायनाच्या रूपाने गेला होता. १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी अशा रसायनांसाठी 'हॉर्मोन' हा शब्द रूढ केला. एक अवयव दुसऱ्याशी रसायनातून बोलू शकतो, ही कल्पना डेल यांच्या पिढीने या प्रयोगशाळांतून उचलली.

१९०४ मध्ये केंब्रिजच्या टी. आर. एलियट या तरुणाने पुढचे पाऊल टाकले. ॲड्रेनलिन टोचल्यावर शरीरात जे परिणाम दिसतात, तेच सिंपथेटिक मज्जातंतू उद्दीपित केल्यावरही दिसतात. मग विजेचा आवेग टोकाला पोहोचला की तंतूच ॲड्रेनलिन सोडत असतील काय? सूचना अचूक दिशेची होती. पण त्यांचे गुरू जॉन लँग्ली अशा तर्कांच्या बाबतीत फार सावध असत, आणि पुढच्या वर्षीच्या सविस्तर प्रबंधात एलियट यांनीच तो मुद्दा सौम्य केला. नंतर ते रुग्णसेवेकडे वळले.

डेल मात्र संशोधनात राहिले. वेलकम कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांच्याकडे अरगटचे काम आले. अरगट म्हणजे राय धान्यावर वाढणारी एक विषारी बुरशी. तिच्या एका अर्काने मांजराच्या हृदयावर अनपेक्षित परिणाम केला, हृदय मंदावले. सहकारी आर्थर युविन्स यांनी त्यातून कारणीभूत पदार्थ वेगळा केला : ॲसिटिलकोलीन. १९१४ च्या प्रबंधात डेल यांनी त्याचे परिणाम बारकाईने नोंदवले. ते विशिष्ट मज्जातंतूंच्या परिणामांशी विलक्षण जुळत होते आणि क्षणार्धात ओसरत होते. रक्तातील एखादे विकर ते झटपट मोडत असावे, असा कयासही त्यांनी बांधला. पण बुरशीत सापडलेली वस्तू प्राण्याच्या देहातही असते असे म्हणायला त्यांच्याजवळ कोणताच पुरावा नव्हता, म्हणून त्यांनी तसे म्हटले नाही. मग महायुद्ध सुरू झाले.

आता ते स्वप्न. लोवी यांनी उतारवयात सांगितलेली हकिकत अशी : ईस्टरच्या आदल्या रात्री त्यांना जाग आली, त्यांनी कागदाच्या चिटोऱ्यावर काहीतरी खरडले आणि ते पुन्हा झोपले. सकाळी स्वतःचेच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तीन वाजता कल्पना पुन्हा आली. या वेळी ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले.

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे थोडे अडखळावे लागते. लोवी यांच्या आठवणीत ते वर्ष १९२० आहे, इतर ठिकाणी १९२१ मिळते. १९२१ मध्ये छापलेल्या मूळ प्रबंधात स्वप्नाचा चकार शब्द नाही. शिवाय मज्जातंतू रसायन सोडत असतील, हा विचार त्यांनी १९०३ मध्येच एका इंग्रज मित्राजवळ बोलून दाखवला होता आणि दोन बेडकांच्या हृदयांची मांडणी तर १९१८ मध्ये दुसऱ्याच कामासाठी करून झाली होती. स्वप्न खोटे होते असे म्हणण्याचे कारण नाही. मात्र त्या रात्री जे जुळून आले, त्याचे तुकडे बरेच आधीपासून टेबलावर पडलेले होते.

प्रयोग इतका साधा की शाळकरी मुलालाही समजावा. बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढले तरी क्षारयुक्त द्रवात बराच वेळ ठोके देत राहते. लोवी यांनी अशी दोन हृदये घेतली. पहिल्याला व्हेगस मज्जातंतू जोडलेला ठेवला, दुसऱ्याचे सगळे तंतू काढून टाकले. पहिल्याचा व्हेगस विजेने उद्दीपित केला. अपेक्षेप्रमाणे ठोके मंदावले. मग त्या हृदयात भरलेला द्रव काढून दुसऱ्या हृदयात घातला. कसलाही मज्जातंतू नसलेले ते दुसरे हृदयही मंदावले. उलट, पहिल्याचा वेग वाढवणारे तंतू डिवचले आणि तो द्रव दिला, तेव्हा दुसऱ्याचे ठोके वाढले. वीज द्रवाबरोबर उचलून नेता येत नाही, रसायन येते. लोवी यांनी मंदावणाऱ्या पदार्थाला 'व्हेगसस्टॉफ' म्हणजे व्हेगसचा पदार्थ एवढेच नाव दिले. तो काय आहे, हे त्यांनी अजून ठरवले नव्हते.

पुढची काही वर्षे मात्र तापदायक ठरली. इतर अनेक प्रयोगशाळांत हा साधा प्रयोग जमेना. बर्नच्या लेओन आशेर यांच्यासारख्या टीकाकारांनी निष्कर्षांवरच शंका घेतली. यामागे लबाडी नव्हती, बेडूक होता. बेडकाच्या व्हेगसमध्ये हृदय मंद करणारे आणि वेगवान करणारे असे दोन्ही तंतू एकत्र गुंफलेले असतात आणि त्यांपैकी कोणाचा जोर चालेल हे ऋतूवरही अवलंबून असते. थंडीत मंद करणाऱ्यांची सरशी होते. थंडीत तो पदार्थ मोडणारे विकरही सुस्त असते, त्यामुळे द्रव एका पात्रातून दुसऱ्यात जाईपर्यंत पदार्थ शिल्लक राहतो. लोवी यांचा प्रबंध १९२१ च्या मार्च महिन्यात, म्हणजे हिवाळा सरता सरता पत्रिकेकडे पोहोचला होता. तोच प्रयोग भर उन्हाळ्यात, निराळ्या जातीच्या बेडकावर करणाऱ्याला दुसरे हृदय ढिम्म राहिलेले दिसे.

१९२६ मध्ये स्टॉकहोम येथे शरीरक्रियाशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथे लोवी यांनी जमलेल्या विद्वानांदेखत तोच प्रयोग एकाच हृदयावर १८ वेळा यशस्वी करून दाखवला. त्याच वर्षी एमिल नावरातिल यांच्यासह त्यांनी आणखी एक कळीची गोष्ट सिद्ध केली. पश्चिम आफ्रिकेतील कॅलाबार भागात एक विषारी शेंग होते. अपराध्याची परीक्षा म्हणून तिचे बी खायला लावण्याची तिकडे चाल होती. तिच्यातील इसेरीन हा पदार्थ दिला की व्हेगसस्टॉफ मोडणारे विकर निकामी होते आणि त्याचा परिणाम टिकून राहतो. आता व्हेगसस्टॉफ म्हणजे ॲसिटिलकोलीनच असावे, याकडे सारी चिन्हे बोट दाखवत होती.

तरी एक भोक उरले होते. ॲसिटिलकोलीन प्राण्याच्या शरीरात नैसर्गिकरीत्या सापडते हे अजून कोणी दाखवले नव्हते. १९२९ मध्ये डेल आणि हॅरोल्ड डडली यांनी ते दाखवले. कत्तलखान्यातून आणलेल्या बैलांच्या आणि घोड्यांच्या प्लीहा किलोंनी दळून त्यांनी हाती लागलेला पदार्थ शुद्ध केला. तो एक ग्रॅमही भरला नाही.

येथे ठिणगीवाल्यांची बाजूही ऐकून घ्यावी. ती हटवादी नव्हती. हृदय आणि आतडे यांचे काम सावकाश चालते, तेथे रस पाझरला तर पाझरला, असे ते म्हणत. पण बोट हलवायचे तर निरोप सेकंदाच्या हजाराव्या भागात स्नायूपर्यंत पोहोचायला हवा. एवढ्या वेळात रसायन बाहेर पडणार, पलीकडे पोहोचणार, काम करणार आणि नाहीसेही होणार, हे कसे मानायचे? शिवाय ते कोणी मोजून दाखवले होते? मज्जातंतूच्या टोकाशी सुटणारे ॲसिटिलकोलीन इतके अल्प, इतके क्षणभंगुर की त्या काळच्या रसायनशास्त्राला त्याचा मागमूस लागणे अशक्य होते.

मोजमाप करणारे उपकरण बर्लिनमध्ये तयार होते, आणि ते उपकरण म्हणजे जळू. दूषित रक्त काढण्यासाठी जळवा लावण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, तशी युरोपातही होती. प्रयोगशाळेत मात्र तिचा उपयोग निराळाच निघाला. जळूच्या पाठीच्या स्नायूची पट्टी इसेरीनच्या द्रवात टांगली की ती ॲसिटिलकोलीनला कमालीची संवेदनशील होते. अब्जावधी भाग पाण्यात एखाद-दोन भाग असले, तरी पट्टी आखडते आणि तिला जोडलेली तरफ काजळी लावलेल्या फिरत्या कागदावर रेघ ओढते. रेघेच्या उंचीवरून प्रमाण कळते. बर्लिन विद्यापीठाच्या शरीरक्रियाशास्त्र संस्थेत ब्रूनो मिंट्स आणि विल्हेल्म फेल्डबर्ग या तंत्रात पारंगत झाले होते.

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर सत्तेवर आला. एप्रिलमध्ये फेल्डबर्ग यांना संचालकांनी बोलावून घेतले. ते ज्यू आहेत, तेव्हा दुपारपर्यंत त्यांनी संस्था सोडावी, असा हुकूम होता. टेबलावर प्रयोग मांडलेला आहे, तो अर्धवट टाकता येणार नाही, असे फेल्डबर्ग म्हणाले. मग मध्यरात्रीपर्यंत जा, एवढी सवलत त्यांना मिळाली.

काही आठवड्यांनी ते बर्लिनमध्ये आलेल्या रॉकफेलर फाउंडेशनच्या प्रतिनिधीला भेटले. आपल्याकडे आता साऱ्यांना पुरेल एवढे काही नाही, असे त्या गृहस्थांनी खेदाने सांगितले. मग नाव ऐकून ते थबकले आणि त्यांनी आपली टिपणवही चाळली. लंडनहून हेन्री डेल यांनी निरोप दिलेला होता : फेल्डबर्ग नावाचा कोणी भेटला आणि त्याची नोकरी गेली असेल, तर त्याला माझ्याकडे पाठवा. फेल्डबर्ग यांनी १९२० च्या दशकात काही काळ डेल यांच्याबरोबर काम केले होते. हा माणूस काय जाणतो, ते डेल यांना ठाऊक होते. त्याच उन्हाळ्यात फेल्डबर्ग कुटुंबासह लंडनला पोहोचले, आणि त्यांच्याबरोबर जळूचे तंत्रही.

पुढची तीन वर्षे हॅम्पस्टेडच्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्चमध्ये जे काम झाले, त्याला तोड नाही. १९३४ मध्ये फेल्डबर्ग आणि जॉन गॅडम यांनी मांजराच्या मानेतील एका चेतागंडातून द्रव खेळवला, तेथे येणारा मज्जातंतू उद्दीपित केला आणि बाहेर पडणारा द्रव जळूच्या पट्टीवर घातला. पट्टी आखडली. उद्दीपन थांबवल्यावर गोळा केलेल्या द्रवाने ती हलली नाही. या गंडात एक चेतापेशी दुसऱ्या चेतापेशीला निरोप देते. म्हणजे रसायनाची भाषा केवळ चेतापेशी आणि हृदय यांच्यातली नव्हती, दोन चेतापेशींमधलीही होती.

१९३६ मध्ये डेल, फेल्डबर्ग आणि मार्था फोग्ट यांनी ठिणगीवाल्यांचा सर्वांत भक्कम किल्ला गाठला : हातापायांचे स्नायू. फोग्ट स्वतः ज्यू नव्हत्या. नाझी जर्मनीत राहणे नको, म्हणून त्या बर्लिनमधील चांगली नोकरी सोडून आल्या होत्या. स्नायूचा मज्जातंतू उद्दीपित करताच बाहेर पडणाऱ्या द्रवात ॲसिटिलकोलीन मिळाले. मग त्यांनी क्युरारी दिले, बेर्नार यांचेच ते जुने विष. स्नायू निपचित झाला, पण ॲसिटिलकोलीन सुटतच राहिले. विष निरोप पाठवणाऱ्याला अडवत नव्हते, घेणाऱ्याचे कान बंद करत होते. ऐंशी वर्षांपूर्वीच्या बेडकाचे कोडे येथे सुटले.

मधल्या काळात एका वेगळ्याच माणसाने या ज्ञानाचा उपयोग करून दाखवला होता. ग्रीनिचच्या सेंट आल्फेज रुग्णालयातील डॉ. मेरी वॉकर या काही नामांकित संशोधक नव्हत्या. मायस्थेनिया ग्रेव्हिस या रोगात स्नायू गळून जातात, पापण्या मिटतात, गिळता येत नाही. ही अवस्था क्युरारीच्या विषबाधेसारखी दिसते, हे ध्यानात घेऊन त्यांनी १९३४ मध्ये रुग्णाला कॅलाबार शेंगेतले तेच औषध टोचले. थोड्याच वेळात रुग्णाच्या अंगी बळ आले. औषधाचा असर ओसरला की दुर्बलता परत येई. पण त्या रोगावर काहीतरी चालते, हे ठळकपणे दिसले. वॉकर यांच्या वाट्याला यायला हवे होते तेवढे श्रेय आले नाही.

विरोधक अजून हटलेले नव्हते. त्यांचे अग्रणी म्हणजे शेरिंग्टन यांचे शिष्य, ऑस्ट्रेलियाचे जॉन एकल्स. मे १९३५ मध्ये केंब्रिजला फिजिऑलॉजिकल सोसायटीच्या बैठकीत डेल आणि एकल्स यांची अशी जुंपली की लाइपझिगहून नुकताच पळून आलेला बर्नार्ड कात्झ नावाचा तरुण थक्क झाला. अध्यक्षस्थानी असलेले एड्रियन, नाइलाजाने पंचाची भूमिका करावी लागल्यासारखे अवघडून बसले होते. इंग्रज विद्वान असे भांडतात? नंतर कात्झ यांना समजले की हे दोघे एकमेकांना स्नेहपूर्ण पत्रे लिहितात. जर्मनीत मतभेदाचे काय होत होते ते पाहून आलेल्या माणसाला हा अनुभव नवा होता.

१९३६ च्या नोबेलनंतरही मेंदू आणि मेरुरज्जू यांच्यापुरता एकल्स यांनी आपला दावा सोडला नाही. आणि १९३८ मध्ये ग्राट्समध्ये काय घडले ते आरंभी आलेच आहे. सुमारे दोन महिन्यांनी लोवी सुटले. देश सोडण्याच्या परवान्याची किंमत म्हणून त्यांना स्टॉकहोमच्या बँकेत ठेवलेली नोबेलची रक्कम नाझींच्या ताब्यातील बँकेत वळती करावी लागली. सप्टेंबरमध्ये ते निघाले ते जवळजवळ रिकाम्या हातांनी. पत्नी मागे अडकून पडली. तिची भेट व्हायला १९४१ साल उजाडले. तोवर ते न्यूयॉर्कला पोहोचले होते आणि तेथेच १९६१ मध्ये वारले.

एकल्स यांचा पक्ष मात्र एकल्स यांनीच बुडवला. न्यूझीलंडमधील डनेडिन येथे शिकवत असताना, १९४४-४५ च्या सुमारास, त्यांची तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांच्याशी गाठ पडली. सिद्धान्त सुरक्षित ठेवू नका, तो खोटा ठरू शकेल इतक्या नेमकेपणाने मांडा, असा पॉपर यांचा आग्रह होता. एकल्स यांनी तसे केले. चेतापेशीला गप्प करणारा निरोप जर विजेने येत असेल, तर पेशीच्या आतला विद्युतदाब अमुक दिशेने बदललाच पाहिजे, असे त्यांनी लिहून ठेवले. ऑगस्ट १९५१ मध्ये ब्रॉक आणि कूम्ब्स या सहकाऱ्यांसह त्यांनी मांजराच्या मेरुरज्जूतील एका चेतापेशीत काचेची अतिसूक्ष्म नळी घुसवली. दाब बदलला, तो नेमका उलट्या दिशेने. एकल्स यांनी आपला पराभव तत्काळ मान्य केला आणि तो छापूनही टाकला. डेल यांनी या मतांतराला दमास्कसच्या वाटेवरील सॉलच्या धर्मांतराची उपमा दिली. एकल्स यांना पुढे १९६३ मध्ये नोबेल मिळाले, ते याच मार्गावरील कामासाठी.

ठिणगीवाले सर्वस्वी चुकले होते असेही नाही. १९५० च्या दशकाअखेर कात्झ यांच्याच विभागात फर्शपॅन आणि पॉटर यांना नदीतल्या एका झिंग्याच्या जातीत असा सायनॅप्स आढळला, जेथे निरोप खरोखरच विजेने पलीकडे जातो. अशा जोडण्या पुढे सस्तन प्राण्यांतही मिळाल्या, संख्येने थोड्या.

राहता राहिले फेल्डबर्ग. मधली काही वर्षे ऑस्ट्रेलियात आणि केंब्रिजमध्ये काढून ते पुन्हा त्याच लंडनच्या संस्थेत आले, निवृत्तीनंतरही तेथेच प्रयोग करत राहिले. दरम्यान १८७६ चा ब्रिटिश प्राणीरक्षण कायदा जाऊन १९८६ चा अधिक कडक कायदा आला होता. १९९० मध्ये प्राणिहक्क कार्यकर्त्यांनी त्यांच्या प्रयोगशाळेत ओळख लपवून शिरकाव केला आणि सशांवरील प्रयोगांचे चित्रीकरण केले. मेडिकल रिसर्च कौन्सिलने चौकशी नेमली. सशांना पुरेशी भूल दिली गेली नव्हती, असे तीत निष्पन्न झाले. ८९ वर्षांच्या फेल्डबर्ग यांचा परवाना गेला आणि त्यांची प्रयोगशाळा बंद झाली; तीन वर्षांनी ते वारले. १९०३ च्या खटल्यातलाच प्रश्न ८७ वर्षांनी त्याच शहरात पुन्हा विचारला गेला होता. या वेळी पुराव्यादाखल दोन विद्यार्थिनींची वही नव्हती, चित्रफीत होती.